काथ्याच्या गावाहून रबराच्या गावाला

केरळातल्या दोन मोठ्या धंद्यांच्या मुळाशी दोन आयरिश माणसं आहेत. जेम्स डॅरा हा अमेरिकेहून आलेला, मूळचा आयरिश. त्याने १८५९ साली आलप्पुळ्यात काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. घरोघरी सुंभ वळणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पण माग बसवून, माणसं पगारावर ठेवून जहाजं भरभरून माल धाडायची रीत त्याने पाडली. दुसरा जॉन जोसेफ मर्फी. १९०२ साली पेरियारच्या काठी थट्टेकाडला त्याने रबराची व्यापारी लागवड सुरू केली. पुढे काथ्या किनाऱ्याला धरून राहिला, रबर डोंगराकडे चढत गेलं, आणि मधे वेंबनाड सरोवराचं पाणी पसरलेलं. दोघांची गाठ पडली ती मुख्यतः गाद्यांमध्ये: पिंजलेल्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, तो शिजवून जी टणक गादी होते ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाठीखाली घेतलेली आहे.

मला मात्र दोघांची वेगळी गाठ बघायची होती. झाडाचा धागा आधी रसायनात धुवायचा, बोटाच्या पेराहूनही आखूड कापायचा आणि कृत्रिम रबरात मिसळून त्या रबराला बळ आणायचं, असा एक उद्योग गेली काही दशकं आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत नेटाने चालला आहे. खरगपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात तागाचा धागा रबरात घालून पाहिला गेला. नंतर कोट्टायम आणि कोची इथे काथ्या, घायपात, केळीचं सोपट, अननसाची पानं असं जे जे सोलून धागा निघतो ते ते रबरात कालवून झालं. कागदावरचं हे काम प्रत्यक्ष कारखान्यात उतरलेलं कसं दिसतं, याची उत्सुकता होती. म्हणून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्स्प्रेस पकडली.

कोकणातून जाताना गाडी घरांच्या मागच्या अंगणातून जाते, त्यामुळे माणसांचं खरं चित्र दिसतं. चिपळूणपासून पुढे घरामागे सोडणांचे ढीग दिसू लागतात. नारळ सोलला की उरलेलं सोडण आपल्याकडे बंबाखाली नाहीतर चुलीत जातं. आलप्पुळ्याला दुपारी उतरले तेव्हा स्टेशनबाहेरच्या टेम्पोत तीच सोडणं दोरीने बांधून, चढाओढीने रचून चाललेली होती. तिथे कोणी ती जाळायला काढली तर शेजारीपाजारी हसतील.

आलप्पुळ्याच्या उत्तरेला कलवूरला केंद्रीय काथ्या संशोधन संस्था आहे आणि तिच्याच आवारात काथ्याचं संग्रहालय. संग्रहालयात काथ्याची विठ्ठल-रखुमाई वगळता बाकी सगळं आहे असं म्हणायला हरकत नाही: काथ्याचं घर, काथ्याची बोट, काथ्याचे पुतळे. मला तिथलं सगळ्यात आवडलं ते सुताच्या गुंड्यांचं कपाट. तिथे सुताच्या जाती गावांच्या नावाने ओळखल्या जातात. अंजेंगो, वायकम, आराटरी, अष्टमुडी, अलपाट. प्रत्येकाचा पीळ वेगळा, रंग वेगळा. अंजेंगो सोनेरी आणि ताठ. पाणी, चिखल आणि भरती-ओहोटी बदलली की धागा बदलतो, हे जाणकार व्यापारी नुसत्या बोटांनी ओळखत असत. रबरात धागा घालणाऱ्याला याच गोष्टीचा पुढे ताप होतो, त्याकडे येईन.

आराटरी सुताचं गाव म्हणजे आराट्टुपुळा, कायमकुळमच्या खाडीला लागून असलेली एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथे सोडणं कुजवायची जुनी पद्धत थोडीफार शिल्लक आहे असं कळलं, म्हणून बसने गेले. जागा शोधायला पत्ता लागला नाही, वासानेच वाट दाखवली. कुजक्या अंड्याचा वास, हायड्रोजन सल्फाइडचा. हिरव्या नारळांची सोडणं जाळ्यात बांधून, वर चिखल लिंपून खाडीच्या उथळ पाण्यात बुडवतात आणि सहा ते दहा महिने तशीच ठेवतात. भरतीचं पाणी रोज आत येतं, बाहेर जातं. या काळात पाण्यातले जिवाणू धाग्यांना एकमेकांना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खाऊन टाकतात, सोडणातले कषाय पदार्थ पाण्यात उतरतात. पाणी काळं पडतं, प्राणवायू संपतो, आणि त्या खाजणातले मासे कमी होतात, ही त्याची किंमत. पूर्वी या कामावर हजारो बायका होत्या. आता केरळात लागणाऱ्या काथ्यातला मोठा भाग तामिळनाडूतून, पोळ्ळाच्चीच्या बाजूने, यंत्रावर सोलून येतो.

एक वयस्क चेची, म्हणजे ताई, गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं सोडत होत्या. भाषेची अडचण रिक्षावाल्या चेट्टनने, म्हणजे दादाने, अर्धीमुर्धी सोडवली. चेचींनी एक सोडण उचललं, वरचं सालपट केळ्यासारखं सहज ओढून काढलं, आतला भाग ओंडक्यावर ठेवून लाकडी दांडक्याने ठोकला. चार-पाच ठोक्यांत गर झडला आणि हातात पिवळसर केसांची जुडी राहिली. ती त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवली. मग पलीकडच्या गोणीतून यंत्रावरचा काथ्या आणून दुसऱ्या हातात दिला. हा तपकिरी, खरखरीत, टोचणारा. धाग्यावर अजून गराचे कण चिकटलेले. चेचींनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या लेखी तो काथ्या म्हणजे अर्धवट शिजलेला भात.

दोन्ही हातांतल्या त्या दोन जुड्यांमध्ये माझ्या विषयाचं निम्मं सार होतं. धाग्याच्या अंगावर काय चिकटून राहिलंय यावर तो दुसऱ्या कशाला धरून राहील की नाही हे ठरतं. खाडी जे काम आठ महिन्यांत करते, त्यातलं बरंचसं प्रयोगशाळा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काही तासांत उरकते. सुताला कॉस्टिकमध्ये घालायची कल्पना लँकेशायरच्या जॉन मर्सरची; १८५० साली त्याने पेटंट घेतलं. त्याला कापड हवं होतं. आज तीच क्रिया रबरवाल्यांच्या उपयोगी पडते: मेण, पेक्टिन आणि काही प्रमाणात लिग्निन निघून जातं, धाग्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आतल्या सेल्युलोजची टोकं उघडी पडतात.

त्यातही काथ्या हा जरा हट्टी धागा. त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास लिग्निन असतं, म्हणूनच तो पाण्यात सहजी कुजत नाही आणि म्हणूनच जहाजांना त्याचे दोर लागत. सेल्युलोज तुलनेने कमी. घायपाताचं उलट आहे: सेल्युलोज साठ-सत्तर टक्के, म्हणून वाख ताणाला जास्त बळकट, पण फार ताणला की चटकन तुटतो. काथ्या मात्र तुटण्याआधी आपल्या लांबीच्या वीस-तीस टक्केसुद्धा लांबतो. कारण त्याच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजच्या तंतूंची गुंडाळी मोठ्या कोनात, पिळासारखी बसलेली असते. ओढलं की आधी तो पीळ उलगडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खरंच आहे, कारण पीळ देणाऱ्या बाईच्या आधीपासून तो धाग्याच्या आत असतो.

आलप्पुळ्याहून कोट्टायमला राज्य जलवाहतूक खात्याची बोट जाते. पर्यटकांच्या हाउसबोटींच्या भाड्याकडे पाहिलं तर ही जवळजवळ फुकट. अडीच-एक तास लागतात. बाजूला कुट्टनाडची भातशेतं, पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली, बांधाच्या आत. शाळेतली मुलं, भाजीच्या टोपल्या, मासळीवाल्या आणि मधेमधे जलपर्णीत अडकणारा पंखा. कोडिमताच्या धक्क्यावर उतरलं की काथ्याचा प्रदेश संपतो. त्यानंतर घरांच्या व्हरांड्यात कपड्यांसारख्या वाळत घातलेल्या पांढऱ्या, खरबरीत रबराच्या चादरी दिसू लागतात आणि धुराचा एक गोडसर वास येतो.

कोट्टायम हे रबराचं मुख्य ठाणं. रबर बोर्ड इथलं, १९४७च्या कायद्याने आलेलं. आणि शहराबाहेर पुदुप्पळ्ळीच्या टेकडीवर १९५५ पासूनची रबर संशोधन संस्था. आसपासच्या बागांत पहाटे झाडाची साल तिरकी खरवडून चीक करवंटीत धरतात, फॉर्मिक आम्लाने गोठवतात, लाटण यंत्रातून काढतात आणि धुरावर वाळवतात. हे सगळं पाहताना एक प्रश्न पडतोच: दारात इतकं झाडाचं रबर असताना कृत्रिम रबराची एवढी उठाठेव का?

कारण सोपं आहे. झाडाचं रबर पेट्रोल-तेलात फुगतं. तिथे नायट्राइल रबर लागतं. ऊन-वाऱ्यात झाडाचं रबर तडकतं. तिथे निओप्रीन टिकतं. आणि टायर, चपला, पट्टे, चटया यांच्यासाठी स्टायरीन-ब्युटाडाइन रबर, म्हणजे एसबीआर, झिजेला बरं आणि दर्जाला एकसारखं. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने ज्या रबरावर युद्ध निभावून नेलं ते हेच. भारतात ते पहिल्यांदा १९६०च्या दशकात बरेलीला बनू लागलं, आणि गंमत अशी की तिथे त्यातलं ब्युटाडाइन उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून काढत. म्हणजे आपलं पहिलं कृत्रिम रबर अर्धंअधिक उसाच्या शेतातून आलेलं. आता ते नाफ्थ्यापासून येतं. पानिपत आणि हजीरा इथे त्याचे मोठे कारखाने आहेत.

मात्र या एसबीआरला एक जन्मजात उणीव आहे. झाडाचं रबर ताणलं की त्याच्या साखळ्या एका रेषेत येऊन ताणापुरत्या स्फटिकासारख्या रचल्या जातात, आणि फाटू लागलेल्या जागी रबर आपोआप कडक होतं. एसबीआरच्या साखळ्या ओबडधोबड, त्या अशा रचल्या जात नाहीत. त्यामुळे दोन्ही रबरं दुसरं काहीही न घालता नुसत्या गंधकाने शिजवली तर झाडाच्या रबराची ताण सोसायची ताकद कित्येक पटींनी जास्त निघते. एसबीआरमध्ये काजळी घातल्याशिवाय ते जवळजवळ कुचकामी. काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक, तेलाच्या गाळावर बनणारी. तेव्हा रबर पेट्रोलियमचं, भर पेट्रोलियमची. निदान भरीचा काही हिस्सा तरी शेतातून आणता येईल का, हा खरा प्रश्न होता.

कोट्टायमजवळ अतिरंपुळ्याच्या टेकडीवर महात्मा गांधी विद्यापीठ आहे. तिथल्या रसायनशास्त्र विभागात साबू थॉमस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. घायपाताचा आखूड धागा एसबीआरमध्ये घालून पाहिला तेव्हा साधारण सहा मिलिमीटर लांबी सर्वांत फायद्याची ठरली. काथ्यासाठी, झाडाच्या रबरात, दहा मिलिमीटर. याहून आखूड धाग्याला रबरातून ताण घेण्याइतकी पकड मिळत नाही; याहून लांब धागा मिसळताना एकमेकांत गुंततो आणि तुटतो. झाडाच्या रबरात थोडासा धागा घातला तर ताकद उलट घटते, कारण स्वतःहून मजबूत होणाऱ्या पदार्थात तुम्ही खडे पेरता. एसबीआरला गमावण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून धाग्याचा उपकार त्याच्यावर जास्त दिसतो. गरिबाच्या घरी पाहुण्याने आणलेला डबा श्रीमंताच्या घरच्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, तसंच.

कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातही रबराचा स्वतंत्र विभाग आहे, कळमश्शेरीला. तिथे झालेल्या एका कामाबद्दल वाचून मला मौज वाटली होती. त्यांनी ज्या झाडाच्या सालीचा धागा काढून रबरात घातला ते झाड म्हणजे मुरुडशेंग. सह्याद्रीच्या उतारावर सगळीकडे उगवणारी, पिळवटलेल्या शेंगांची, बाळगुटीत उगाळली जाणारी आपली मुरुडशेंग. तिच्या सालीत असा चांगला वाख असतो हे आपल्याकडच्या धनगरांना आणि कातकऱ्यांना ठाऊक असणार. दोर वळायला ती साल पूर्वीपासून वापरतात. पुण्या-मुंबईत मात्र ती काष्ठौषधीच्या दुकानाबाहेर पडलेली नाही.

आता प्रत्यक्ष कारखाना. पेरुंबावूरजवळ ऐरापुरमला रबर पार्क आहे, रबर बोर्ड आणि केरळ सरकारच्या औद्योगिक महामंडळाने मिळून उभारलेलं. त्या परिसरातल्या एका लहान कारखान्याचे मालक माझ्या ओळखीच्या ओळखीचे. पॉलिटेक्निक शिकलेले, पन्नाशीचे, बोलताना दर वाक्यानंतर हात पुसणारे. ते गोठ्यात गाई-म्हशींखाली टाकायच्या रबरी चटया बनवतात. भुकटी केलेल्या जुन्या टायरच्या रबरात एसबीआर मिसळायचं आणि त्यात धागा. काही वर्षं काथ्या वापरला, अलीकडे काथ्या आणि घायपात मिळून.

मागच्या अंगणात निळ्या पिंपांत धागा भिजत होता. शंभर लिटर पाण्याला पाच किलो कॉस्टिक. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. निघालेलं लिग्निन ते. मग साध्या पाण्याने धुणं, उरलेला क्षार मारायला थोडं ॲसिटिक आम्ल, पुन्हा धुणं, आणि ओव्हनमध्ये वाळवणं. वाळवण्यावर मालकांचा सगळा जीव. केरळच्या हवेत वाळलेला धागा उघडा ठेवला की तासाभरात पुन्हा ओल धरतो. ती ओल रबराबरोबर साच्यात गेली की दीडशे अंशांवर तिची वाफ होते आणि चटईवर फोड येतात. म्हणून ओव्हनचं दार उघडायचं आणि धागा थेट गिरणीवर.

गिरणी म्हणजे दोन आडवे लोखंडी रूळ, आमनेसामने फिरणारे, पुढचा जरा हळू, मागचा जरा जलद. आतून थंड पाणी खेळतं. गिरणीवरच्या चेट्टननी पस्तीस किलोच्या गाठीतून कापलेला एसबीआरचा फिकट लादा रुळांत सोडला. आधी तो तडतडला, मग मऊ होऊन पुढच्या रुळाला चामड्यासारखा गुंडाळला गेला. टायरची भुकटी, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल, थोडी काजळी. मग चिमटीचिमटीने धागा. प्रत्येक चिमटीनंतर सुरीने पट्टा कापायचा, घडी घालायची, पुन्हा रुळांत सारायचा. धागा एकाच वेळी ओतला तर त्याच्या गाठी होतात, आणि त्या गाठी पुढे कितीही दळलं तरी सुटत नाहीत. रेझॉर्सिनॉल आणि हेक्झा घातलं तेव्हा डोळे चुरचुरले. सिलिकाबरोबर वापरायची ही जोडी रबरवाल्यांच्या जुन्या परिचयाची: तापल्यावर हेक्झातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, रेझॉर्सिनॉलशी त्याची राळ बनते, आणि ती राळ एका हाताने सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल धरते, दुसऱ्या हाताने रबर. सेल्युलोजला पाणी आवडतं, रबराला आवडत नाही; मध्यस्थ नसला तर दोघं एका चटईत राहूनही परके.

शेवटी चेट्टननी रुळांमधली फट कमी केली आणि पट्टा एकाच दिशेने पुन्हा पुन्हा काढला. का, ते विचारल्यावर मालक म्हणाले, "हाताच्या कांकणाला..." असं काही मल्याळीत असावं, कारण उत्तर न देता ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे शिजवलेल्या चादरीतून पंचने कापलेली रुपयाएवढी गोल चकती त्यांनी टोल्युइनच्या बरणीत टाकली आणि जेवायला चला म्हणाले. मासळीचं कालवण, कप्पा म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मोठ्या तांदळाचा भात. परत येईपर्यंत चकती फुगून लंबगोल झाली होती. धागे ज्या दिशेने झोपले होते त्या दिशेला ती जवळपास तेवढीच राहिली, आडव्या दिशेला पसरली. धागा रबराला एका दिशेने धरून ठेवतो, हे सांगायला यापेक्षा चांगला तक्ता कोणता?

मग त्यांनी ओढून तोडलेले दोन तुकडे दिले आणि शिंप्याचं भिंग हातात ठेवलं. पहिल्यात न धुतलेला काथ्या. तुटलेल्या कडेवर बारीक गोल भोकं आणि समोरच्या कडेवर भोकांतून अख्खे निसटून आलेले गुळगुळीत धागे, म्यानातून तलवार निघावी तसे स्वच्छ. दुसऱ्यात धुतलेला आणि राळ लावलेला. इथे भोकं जवळजवळ नाहीत. धागे कडेपाशीच तुटलेले, तुटक्या टोकांना काळं रबर चिकटलेलं. म्हणजे रबराने धागा सोडला नाही, धाग्यालाच तुटावं लागलं. आराट्टुपुळ्याच्या चेचींनी तळहातावर ठेवलेला फरक इथे भिंगाखाली होता.

हे सगळं टायरला का चालत नाही, असं मी विचारलं. मालक हसले. टायरची रस्त्याला टेकणारी बाजू मिनिटाला शेकडो वेळा दबते, आणि प्रत्येक धाग्याचं टोक म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. शिवाय धागा घातलेलं रबर लांबत कमी आणि तापतं जास्त. आखूड धाग्याची खरी जागा आहे ती जिथे ताठपणा हवा पण एकाच दिशेने. गिरणीच्या, पंख्याच्या व्ही-पट्ट्यात धागे आडवे बसवले की पट्टा पुलीच्या खाचेत दबत नाही, तरीही लांबीच्या दिशेने वाकतो. नळ्यांमध्येही तसंच. अमेरिकेतल्या मॉन्सँटोने १९७०च्या दशकात यासाठीच लाकडाच्या सेल्युलोजचा, आधीच प्रक्रिया केलेला धागा 'सँटोवेब' नावाने बाजारात आणला होता. आपल्याकडे काथ्याचे डोंगर असून तसा तयार, एका मापाचा, खात्रीचा धागा पोत्यात भरून विकणारा कोणी मला दिसला नाही, आणि माझ्या मते या विषयाची खरी अडचण इथेच आहे. प्रयोगशाळेत एका पिंडाचा धागा एका माणसाने विंचरलेला असतो. कारखान्यात लॉरी बदलली की काथ्या बदलतो. मालकांना दर लॉरीला कॉस्टिकचा वेळ नव्याने ठरवावा लागतो. जास्त झाला तर धागाच कमजोर पडतो.

पर्यावरणाच्या बाजूनेही मी जरा हात राखूनच लिहीन. धागा आला म्हणून चटई 'हिरवी' होत नाही. रबर पेट्रोलियमचंच, एकदा गंधकाने शिजलं की पुन्हा वितळत नाही, आणि चहाच्या रंगाचं ते कॉस्टिकचं पाणी कुठेतरी मारावंच लागतं. मालकांनी त्यासाठी टाकी बांधली आहे आणि तिचा खर्च मोजताना त्यांचा चेहरा आंबट होतो. फायदा आहे तो साधा: काजळी कमी लागते, चटई वजनाला हलकी होते आणि बैलाच्या खुराखाली पसरत नाही. एवढा फायदा मला पुरेसा वाटतो. त्यावर मोठमोठे शब्द लादायची गरज नाही.

घायपाताबद्दल मात्र मालकांनी माझी बरीच उलटतपासणी केली. सातारा-सोलापूरकडे बांधाबांधावर घायपात असतं असं मी सहज बोलून गेले होते. वाख कोण काढतं, पानाला काय भाव, धागा यंत्रावर की हाताने, वाळवतात कुठे? मला त्यातल्या निम्म्याची उत्तरं देता आली. दोर वळायचं काम मागे पडल्यापासून ते बांधावर नुसतं कुंपण म्हणून उभं आहे, हे ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला.

त्यांचा माल सांगली-कोल्हापूरच्या गोठ्यांतही जातो. पहिल्या खेपेच्या चटया कापून मापात बसवताना कापलेल्या कडेवर पिवळे धागे दिसले, आणि तिकडच्या एका गवळ्याने फोन करून सुनावलं की शेठ, रबरात भुसा घालून फसवलंत. समजावून काही उपयोग झाला नाही. वरून उघड्या टोकांतून धागे गोमूत्र शोषून कडा फुगतात, ही तक्रारही खरी निघाली. तेव्हापासून कारखान्यात चटई मापातच काढतात, आणि साच्यात टाकताना तिला चारही बाजूंनी दोन मिलिमीटर नुसत्या काळ्या रबराची झालर लावतात. धागा आत आहे हे आता गिऱ्हाइकाला दिसत नाही. तक्रार थांबली आहे, आणि आता जुन्या खेपेहून ही चटई जास्त चांगली असल्याचं तोच गवळी सांगतो.